गॅरेजातला गनस्मिथ पोट भरतो का?

अमेरिकेच्या केंद्रीय शस्त्रनियमांमध्ये ‘धंद्याची जागा’ कशाला म्हणायचं याची व्याख्या दिलेली आहे. तिच्या शेवटी एक अट आहे: ज्या राहत्या घराचा कुठलाही भाग लोकांसाठी खुला नाही, ते घर धंद्याची जागा मानलं जाणार नाही. म्हणजे घरच्या गॅरेजात लेथ बसवून बंदुका दुरुस्त करायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, तर गॅरेजचं दार गिऱ्हाइकासाठी उघडं ठेवावं लागतं. सरकारी तपासनीसही त्याच दारातून येतो. बारा महिन्यांतून एकदा वॉरंटशिवाय येऊन नोंदींची वही, बंदुका आणि त्यांचे क्रमांक ताडून पाहण्याचा त्याला हक्क आहे. एका बाजूला मुलांच्या सायकली आणि कपडे धुण्याचं यंत्र, दुसऱ्या बाजूला वाइसमध्ये पकडलेली कुणाच्या तरी आजोबांची रायफल. अमेरिकेतल्या असंख्य लहान गावांत असा संसार आणि असा धंदा एकाच छपराखाली चालतो.

चालतो खरा, पण त्यातून कमाई होते का?

बाजार लहान आहे असं म्हणता येणार नाही. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या सामान्य नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे दर शंभर माणसांमागे १२० हून जास्त. करोनाच्या २०२० या वर्षात बंदूकखरेदीच्या वेळी होणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा तीन कोटी ९७ लाखांच्या घरात गेला. एवढ्या बंदुका म्हटल्यावर कुणाची नळी गंजणार, कुणाचा दस्ता तडकणार, कुणाचा चाप अडकणार. मोटारी जास्त तिथे गॅरेजवाल्याची चलती, हा हिशोब कुणालाही सुचेल. बंदुकीच्या बाबतीत मात्र तो फसतो.

त्याचं कारण बंदूक घडवण्याची पद्धतच बदलली, हे आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या बंदुकीचे बरेच भाग हाताने घासून एकमेकांशी जुळवलेले असत. एक तुटला की नवा घडवायला किंवा निदान कानशीने जमवायला कारागीरच लागे. एआर-१५ जातीच्या रायफलीचे भाग मुळातच एकमेकांच्या जागी बसतील असे केलेले असतात. शस्त्र उद्योगाच्या ‘एनएसएसएफ’ या संघटनेने २०२२ मध्ये अशा रायफलींची देशातली संख्या दोन कोटी ४४ लाखांच्या आसपास सांगितली. तिचा मालक भाग टपालाने मागवतो, व्हिडिओ बघतो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून टाकतो. ग्लॉक पिस्तुलाचंही तेच. सॅव्हेज कंपनीने १९५८ मध्ये ११० क्रमांकाची रायफल आणली. तिची नळी एका मोठ्या नटाने कसलेली असते. त्यामुळे तयार नळी आणून हौशी माणूसही ती घरी बदलू शकतो. एके काळी हे काम गनस्मिथच्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, हुकमाचं होतं.

दुसरी अडचण किमतीची. नवी स्वस्त शॉटगन जेवढ्याला मिळते, तेवढी मजुरी जुनीच्या नीट दुरुस्तीला सहज लागते. गिऱ्हाईक बिल ऐकून हसतं आणि नवी घेतं. उरतात त्या बंदुका, ज्यांची किंमत बाजारात ठरत नाही. आजोबांनी हरणाच्या शिकारीला वापरलेली, वडिलांनी युद्धावरून आणलेली. त्यांचा मालक पैसे देतो, पण अशी गिऱ्हाइकं रोज येत नाहीत आणि तीच बंदूक पुन्हा वर्षाने येत नाही.

परवाना, वही आणि कायद्याचा प्रश्न

अमेरिकेत बंदूक बाळगणं सोपं वाटलं, तरी तिच्या दुरुस्तीचा धंदा करणं तितकं मोकळं नाही. १९६८ च्या ‘गन कंट्रोल अॅक्ट’नुसार त्यासाठी केंद्रीय परवाना लागतो. तो देणारं खातं एटीएफ. दारू, तंबाखू, शस्त्रं आणि स्फोटकं असा चौरंगी कारभार त्याच्याकडे आहे. दुरुस्ती करणाऱ्याला विक्रेत्याचाच, म्हणजे ०१ प्रकारचा परवाना घ्यावा लागतो. फी पहिल्या तीन वर्षांसाठी २०० डॉलर, नूतनीकरणाला ९० डॉलर. स्वतः बंदुका घडवून विकायच्या असतील तर ०७ प्रकार, तीन वर्षांना १५० डॉलर. अर्जासोबत बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, एक प्रत गावच्या पोलीसप्रमुखाला किंवा शेरीफला पाठवायची, मग तपासनीस घरी येऊन मुलाखत घेतो. साठ दिवसांत निर्णय देण्याचं बंधन खात्यावर आहे.

फी किरकोळ आहे. खरी अडवणूक गावपातळीवर होते. १९९३ पर्यंत विक्रेत्याचा परवाना वर्षाला १० डॉलरला मिळे आणि देशात दोन लाख ८० हजारांच्या वर परवानाधारक होते. त्यांतले पुष्कळ जण नुसते स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे व्यापारी, स्वतःसाठी घाऊक भावात बंदूक घेता यावी म्हणून परवाना काढलेले. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने फी वाढवली. १९९४ च्या कायद्याने ठसे, फोटो आणि स्थानिक नियम पाळत असल्याचं प्रमाणपत्र मागितलं. त्या दशकाच्या शेवटी आकडा एक लाखाच्या आसपास आला. निवासी वस्तीत धंद्याला परवानगी आहे का, गिऱ्हाइकांच्या गाड्या रस्त्यावर लावता येतील का, पाटी लावता येईल का, हे सगळं नगरपालिकेचा झोनिंग विभाग ठरवतो. घर एखाद्या गृहनिर्माण संघटनेच्या वसाहतीत असेल तर तिचे नियम आणखी वेगळे. इलिनॉयसारख्या राज्याने २०१९ पासून केंद्रीय परवान्यावर राज्याचं प्रमाणपत्रही बंधनकारक केलं.

त्यानंतरचं रोजचं ओझं म्हणजे वही. दुरुस्तीला आलेली बंदूक गिऱ्हाईक त्याच दिवशी घेऊन गेलं तर नोंद नको. रात्रभर राहिली की मालकाचं नाव-पत्ता, बंदुकीचा निर्माता आणि क्रमांक, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, सगळं वहीत हवं. दुरुस्त बंदूक मूळ मालकालाच परत करताना पार्श्वभूमी तपासणी लागत नाही. तीच त्याच्या भावाच्या हाती दिली तर लागते. क्रमांक नसलेली घरगुती बनावटीची बंदूक आत घेतली तर तिच्यावर क्रमांक कोरण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमाने गनस्मिथवर आली. त्या नियमाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने आव्हान फेटाळलं. जुन्या नोंदी वीस वर्षांनी टाकून देण्याची सवलतही २०२२ मध्ये गेली. आता त्या धंदा बंद होईपर्यंत जपायच्या.

गंमत अशी की नफ्याचा प्रश्न कायदाही विचारतो. केंद्रीय कायद्यातल्या व्याख्येनुसार गनस्मिथ म्हणजे उपजीविका आणि नफा हा मुख्य हेतू ठेवून नियमितपणे हे काम करणारा माणूस. अधूनमधून एखादी बंदूक नीट करून देणारा त्यात येत नाही. प्राप्तिकर खात्याचा निकष निराळा आहे. पाचपैकी तीन वर्षं नफा दाखवला तर तो धंदा आहे असं गृहीत धरतात. तसं नसेल तर तो छंद ठरू शकतो, आणि छंदावरचा खर्च २०१८ पासून उत्पन्नातून वजा करता येत नाही. थोडक्यात, एक खातं म्हणतं नफ्याचा हेतू असेल तरच परवाना, आणि दुसरं म्हणतं नफा दाखवा, नाहीतर लेथचा खर्च तुमच्या खिशातून.

वहीतला हिशोब

तेव्हा हिशोब मांडून बघायला हरकत नाही. खालचे आकडे कुणा एका दुकानाचे नाहीत. समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत.

समजा, नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवारी काम करणारा एक गनस्मिथ आठवड्याला बारा तास असे काढतो, ज्यांचं बिल लावता येतं. तासाला ६० डॉलर आणि वर्षाला ४८ आठवडे धरले तर जमा ३४,५६० डॉलर. विमा, वीज, हत्यारं, घासकागद आणि रसायनं, कुरिअर, हिशोबनीस, फुकट गेलेले भाग यांचे मिळून दहा हजार धरू. राहिले २४,५६०. नोकरदाराच्या सामाजिक सुरक्षेचा अर्धा वाटा मालक भरतो. स्वतःचा धंदा असलेल्याला दोन्ही वाटे, म्हणजे १५.३ टक्के, स्वतःच भरावे लागतात. ते सुमारे ३,४७०. हातात २१,०९० डॉलर, प्राप्तिकर अजून बाकीच.

आता तास मोजू. बिल लागणाऱ्या प्रत्येक तासामागे बिल न लागणारा निदान एक तास असतो. फोन घ्या, भाग शोधा, वही लिहा, पार्सल बांधा, ‘झाली का हो माझी?’ विचारायला आलेल्या माणसाची शिकारीची गोष्ट ऐका. असे वर्षाचे ११५२ तास धरले, तर तासाला पडले जेमतेम १८ डॉलर. वॉशिंग्टन राज्यात २०२५ साली कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला १६.६६ डॉलर होतं.

हाच माणूस गावात महिना १,५०० डॉलर भाड्याचा गाळा घेऊन बसला तर वर्षाचे १८,००० तिथेच गेले, आणि कर भरण्याआधीच हाती उरले साडेसहा हजार. लहान गनस्मिथचा नफा बहुतेक वेळा म्हणजे त्याचं न दिलेलं भाडंच असतं. घरातून धंदा केल्याने ते वाचतं. घराचा एखादा भाग फक्त धंद्यासाठी आणि नियमित वापरला तर प्राप्तिकरात दर चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फुटांसाठी, अशी सोपी वजावटही मिळते. पण त्या कोपऱ्यात ख्रिसमसच्या सजावटीची खोकी ठेवली की ती वजावट अडचणीत येते.

या हिशोबात एक ओळ अशी आहे जिच्याकडे कारागीर नाक मुरडतात आणि तीच त्यांना तारते. इंटरनेटवर दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून घेतलेली बंदूक थेट घरी येत नाही. ती स्थानिक परवानाधारकाकडे येते. तो ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घेतो, तपासणी करतो आणि मग बंदूक हातात देतो. याला ट्रान्सफर म्हणतात. एका ट्रान्सफरची फी ३० डॉलर आणि त्याला अर्धा तास धरला तर तासाला ६० डॉलर झाले. वर्षानुवर्षं शिकलेल्या कानशीच्या हाताला जो दर मिळतो, तोच फॉर्म भरण्याला. आठवड्याला अशा पाच केल्या की वर्षाला ७,२०० डॉलर, आणि त्यासाठी लेथ लागत नाही.

कोण कमावतं?

अमेरिकन बंदुकीच्या इतिहासात घरगुती दुकानातून वर आलेली नावं आहेत. त्यांची कमाई नेमकी कशातून झाली, ते बघण्यासारखं आहे. जॉन मोझेस ब्राउनिंग युटा राज्यातल्या ऑग्डेनचा, बापाच्या दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला. एका वेळी एकच गोळी भरायच्या रायफलीच्या रचनेचं पेटंट त्याला १८७९ मध्ये मिळालं. भावांच्या मदतीने त्याने ती हाताने बनवायला घेतली. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा टी. जी. बेनेट ऑग्डेनला आला आणि ८,००० डॉलर देऊन हक्क घेऊन गेला. दुरुस्तीतून एवढी रक्कम उभी करायला दुकानाला कित्येक वर्षं लागली असती. पुढे ब्राउनिंग रचना विकत राहिला.

आयोवातल्या माँटेझुमा गावच्या बॉब ब्राउनेलचा पेट्रोलपंप होता. बंदुकांना निळसर-काळं पाणी चढवण्यात त्याचा हात बसला होता. त्याच्या लक्षात आलं की देशभरच्या गनस्मिथांना हवी ती हत्यारं आणि रसायनं एका ठिकाणी मिळत नाहीत. १९३९ पासून ‘ब्राउनेल्स’ हे नाव टपालाने ती पुरवू लागलं, आणि आजही गॅरेजातल्या प्रत्येक कारागिराच्या फळीवर त्यांचं काही ना काही असतं. तो गनस्मिथांचा पुरवठादार झाला, आणि धंद्यातला मोठा पैसा तिथे निघाला.

बिल विल्सन घड्याळजी. अर्कान्सॉमधल्या बेरीव्हिल गावी घरच्या दागिन्यांच्या दुकानामागे १९७७ मध्ये त्याने काम सुरू केलं ते एकाच पिस्तुलावर, ब्राउनिंगच्याच १९११ वर. नेमबाजी स्पर्धेतल्या मंडळींना ते जास्त अचूक आणि भरवशाचं करून द्यायचं. त्यातून ‘विल्सन कॉम्बॅट’ ही कंपनी उभी राहिली. साउथ कॅरोलायनातला केनी जॅरेट सोयाबीनचा शेतकरी. लांबच लांब शेतांच्या पलीकडच्या काठावर हरणं येत. तेवढ्या अंतरावर नेम धरणाऱ्या रायफली तो बनवू लागला आणि एकेका रायफलीला हजारो डॉलर मोजणारं गिऱ्हाईक त्याच्या गावापर्यंत पोहोचलं.

चौघांपैकी एकानेही ‘येईल ती बंदूक दुरुस्त करू’ या पाटीवर पैसा केला नाही. एकाने रचना विकल्या, एकाने हत्यारं, उरलेल्या दोघांनी एकच काम निवडून त्यात पहिला नंबर काढला.

आजही गॅरेजातून बऱ्यापैकी कमावणाऱ्याचं चित्र साधारण तसंच दिसतं. कुणी फक्त सेराकोट करतो. ओरेगॉनच्या एनआयसी इंडस्ट्रीजचा हा सिरॅमिकयुक्त लेप. फवारायचा आणि भट्टीत भाजायचा. जागा थोडी लागते आणि रंगसंगती गिऱ्हाईकच सांगतं. पाणी चढवायच्या जुन्या पद्धतीत कॉस्टिक क्षारांचं द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसवर उकळत ठेवावं लागतं. त्याची वाफ, गंज आणि सांडपाणी राहत्या घराला परवडत नाही. कुणी फक्त लांब पल्ल्याच्या रायफलींना नळ्या बसवतो. कुणी नक्षी कोरतो. कुणी नळीच्या तोंडाला सायलेन्सरसाठी आटे पाडून देतो. सायलेन्सरवर १९३४ पासून असलेला २०० डॉलरचा कर २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला आहे, त्यामुळे या कामाला मागणी वाढण्याची आशा कारागिरांना आहे. रेमिंग्टनसारखी जुनी कंपनी २०१८ आणि २०२० मध्ये दोनदा दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या जुन्या बंदुकांचा जाणकारही हवाच होता.

एकच काम करणाऱ्याला कायद्यातली एक सवलत उपयोगी पडते. गिऱ्हाईक आपली बंदूक दुसऱ्या राज्यातल्या परवानाधारक गनस्मिथकडे दुरुस्तीला पाठवू शकतं आणि गनस्मिथ ती थेट त्याच्या घरी परत पाठवू शकतो, मध्ये दुसरा विक्रेता लागत नाही. म्हणून दोन हजार वस्तीच्या गावातल्या गॅरेजलाही अख्ख्या देशाचं गिऱ्हाईक मिळू शकतं. सर्व प्रकारची दुरुस्ती करणाऱ्याला मात्र मोटारीने येईल तेवढाच मुलूख.

उडी मोठी मारायची तर खर्चही वाढतो. गिऱ्हाइकाच्या रायफलीला नळी बदलून देणं ही दुरुस्ती. तेच स्वतःच्या मालकीच्या बंदुकांवर करून त्या विकल्या तर ते उत्पादन, मग ०७ चा परवाना. वर्षाला पन्नास बंदुका झाल्या की उत्पादन कर सुरू, पिस्तुलांना १० टक्के आणि इतर बंदुकांना ११ टक्के. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने हा पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. २०१६ मध्ये परराष्ट्र खात्याने एक मार्गदर्शक पत्रक काढलं. त्यानुसार गनस्मिथची काही कामंही उत्पादनात धरली जाणार होती, आणि त्यासाठी वर्षाला २,२५० डॉलरची नोंदणी लागणार होती. लहान कारागिरांत घबराट पसरली. मार्च २०२० मध्ये बहुतेक नागरी बंदुकांच्या निर्यातीचं नियमन वाणिज्य खात्याकडे गेलं, तेव्हा ही टांगती तलवार दूर झाली.

आणि जोखीम? घराचा नेहमीचा विमा धंद्याचं नुकसान सहसा भरून देत नाही. दुरुस्त केलेली बंदूक कुणाच्या हातात फुटली तर कंपनीच्या आडोशाला नसलेल्या कारागिराचं घरसुद्धा दाव्यात ओढलं जाऊ शकतं. पेपाल आणि स्क्वेअर यांसारख्या सेवा बंदुकांच्या विक्रीचे पैसे स्वीकारत नाहीत, त्यामुळे वेगळा आणि बहुधा महागडा बंदोबस्त करावा लागतो.

शिक्षण आणि मुलूख

हे काम शिकवणाऱ्या शाळा आहेत. कोलोरॅडोतलं ट्रिनिडॅड स्टेट कॉलेज त्यांतलं नावाजलेलं. नळ्या आणि काडतुसांवरच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेले पी. ओ. अॅकली तिथे शिकवत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि अशा शाळांना बहर आला. पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया, ओक्लाहोमा, नॉर्थ कॅरोलायना इथेही शिक्षण मिळतं. लेथ, मिलिंग, लाकूडकाम आणि वेल्डिंग येणाऱ्या मुलाला कारखान्यात नोकरी मिळते, आरोग्यविम्यासह. गॅरेजचं गणित त्या पगाराशी तोलूनच मांडावं लागतं.

हे वाचून महाराष्ट्रातल्या एखाद्या हुशार फिटरच्या मनात काही येण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. भारतीय शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनवणं आणि विकणं तर सोडाच, दुरुस्त करणं आणि चाचणी घेणंही परवान्याशिवाय गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारा शेतकरीदेखील ती गावच्या लोहाराकडून नीट करून घेऊ शकत नाही, परवानाधारकाकडेच जावं लागतं. तलवारी-बंदुका घासूनपुसून धार आणि झिलई देणाऱ्या शिकलगारांचा पिढीजात हातही आता बहुतेक विळे-कात्र्यांवरच चालतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मात्र तिथलेच नियम लागू. ग्रीन कार्ड असलेल्यालाही परवान्याचा अर्ज करता येतो.

मग घरगुती गनस्मिथचा धंदा फायद्याचा आहे का? जोडधंदा म्हणून आहे. घर स्वतःचं असावं, झोनिंगची परवानगी आधी हातात असावी, यंत्रं कर्जाने घेतलेली नसावीत आणि घरात दुसऱ्या कुणाच्या नोकरीचा आरोग्यविमा असावा. एकट्या दुरुस्तीवर संसार चालवायचा म्हटलं तर बहुतेकांना जमत नाही, हात कितीही चांगला असो. ज्यांना जमतं ते एक काम निवडतात, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय बंदूक आत घेत नाहीत, ट्रान्सफरची फी तुच्छ मानत नाहीत आणि वही रोजच्या रोज लिहितात. या चारपैकी एकही जमणार नसेल, तर परवान्याच्या २०० डॉलरमध्ये भर घालून स्वतःसाठी एक चांगली रायफल घ्यावी, तीच जास्त समाधान देईल.